देवगिरीचा कडा आणि अंजिराचे झाड

गर्व, ईश्वराचा न्याय आणि ईश्वराची दया ह्या तिहींचा ख्रिस्ती धर्मात परस्परांशी काय संबंध आहे, हे विद्यार्थ्यांस समजेल अशा रीतीने लिहावे, असा विचार बरेच दिवस मनात घोळत होता. विषय मोठा आहे खरा. परंतु दौलताबादच्या परिसरात राहणाऱ्यास त्याची उदाहरणे शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. घराच्या दारात उभे राहिले तरी समोर डोंगर दिसतो, आणि त्या डोंगराकडे पाहून हा विषय मनात आला नाही असा माणूस विरळा.

छत्रपती संभाजीनगराहून, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेहून, वेरूळच्या रस्त्याने पंधरा किलोमीटरांच्या सुमारास हा दुर्ग लागतो. डोंगर सुमारे दोनशे मीटर उंच. त्याचा खालचा भाग चहूंकडून तासून भिंतीसारखा सरळ केलेला आहे, इतका की घोरपडीसही पाय ठेवावयास जागा सापडू नये. कड्याच्या पायथ्याशी खडकात खोदलेला खंदक. खंदक ओलांडला की ‘अंधारी’ नावाचा काळोखा भुयारी मार्ग. आणि शत्रू त्यातून वर येऊ लागला तर वरच्या तोंडावरील लोखंडी झाकणावर अग्नी पेटवून धुराने त्याला गुदमरवून टाकण्याची योजना. मेंढ्याचे मस्तक असलेली तोफ तर आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. ज्या अज्ञात पाथरवटांनी हा कडा तासला त्यांच्या श्रमांस व कौशल्यास हात जोडावेत असेच ते आहे. दुर्ग बांधणे हे पाप नव्हे, आणि आपल्या हातच्या चांगल्या कामाबद्दल समाधान वाटणे हेही पाप नव्हे. कित्येक भाविक माणसे समाधानालाच गर्व समजून मुलांना उगाच खाली मान घालावयास लावतात; ते मला मान्य नाही.

मग ख्रिस्ती धर्म गर्व कशास म्हणतो? जे दुसऱ्याकडून मिळालेले आहे ते आपले स्वतःचे आहे असे मानणे, आणि त्या मानण्याच्या आधारावर आपल्याला देवाची व शेजाऱ्याची गरज उरली नाही असे धरून चालणे, ह्यास गर्व म्हणावे. छाती फुगवून चालणे हे त्याचे केवळ बाह्य लक्षण आहे. अत्यंत हळू बोलणाऱ्या, साध्या वेषाच्या माणसातही तो पूर्ण वाढलेला सापडतो.

देवगिरीच्या इतिहासातील एक गोष्ट ह्या संबंधात ध्यानात ठेवण्याजोगी आहे. इ. स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने यादवांच्या ह्या राजधानीवर अकस्मात चाल केली. त्या वेळी राजा रामचंद्रदेव राज्य करीत होता, आणि त्याच्या राज्याची संपन्नता दूरवर ऐकू गेलेली होती. राजाने गडाचा आश्रय केला. कडा अभेद्य होता. परंतु इतिहासकार फिरिश्ता सांगतो की, धान्याची म्हणून घाईघाईने वर चढविलेली पोती उघडून पाहिली तेव्हा त्यांत मीठ निघाले. कोणीही कडा चढून आला नाही. तरी राजाला तह करावा लागला, आणि अपार सोने-रुपे दिल्लीच्या वाटेस लागले. माणूस आपल्या बळाची जी बाजू जगाला दाखवितो ती बहुधा खरोखरच बळकट असते. पोती मात्र तो उघडून पाहत नाही.

जिंकणाऱ्याचे पुढे काय झाले? त्याच वर्षी अल्लाउद्दीनने आपला चुलता व सासरा जलालुद्दीन ह्याचा वध करवून दिल्लीचे तख्त बळकाविले. पुढे त्याने आपल्या नाण्यांवर ‘दुसरा सिकंदर’ अशी पदवी घातली, आणि बरनी हा इतिहासकार लिहितो की, एक नवीन धर्म स्थापावा असेही त्याच्या मनात येऊ लागले. तेव्हा दिल्लीचा कोतवाल अला-उल-मुल्क ह्याने त्यास निर्भयपणे सांगितले की, धर्म देणे हे राजांचे काम नव्हे, ते देवाचे आहे. सुलतानाने ते ऐकून घेतले. अल्लाउद्दीनाच्या साऱ्या दिग्विजयात मला ही घटका अधिक मोलाची वाटते.

ह्यानंतर १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी येथे आणण्याचे ठरविले व देवगिरीचे नाव दौलताबाद केले. आपल्याकडे ‘तुघलकी कारभार’ हा शब्द वेडगळपणास लावतात. पण महंमद तुघलक मूर्ख नव्हता. तर्कशास्त्र, तत्त्वज्ञान, वैद्यक, फारसी काव्य आणि सुंदर हस्ताक्षर ह्यांत त्याची गती मोठी होती. दक्षिणेतील नवा मुलूख सांभाळण्यास राजधानी देशाच्या मध्यभागी असावी, हा विचारही काही अगदीच चुकीचा नव्हता. चूक निराळ्या ठिकाणी झाली. सातशे मैलांहून अधिक वाट तुडवीत जाणारी माणसे त्याला बुद्धिबळाच्या पटावरील प्यादी दिसली. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता काही वर्षांनी दिल्लीस आला; त्याने एक कथा लिहून ठेविली आहे की, एका आंधळ्याला दिल्लीहून ओढीत आणण्यात आले, आणि दौलताबादेस पोहोचला तो त्याचा केवळ एक पाय. आजचे पुष्कळ इतिहासकार ह्या कथेत अतिशयोक्ती आहे असे मानतात. सारी दिल्ली ओस पडली हेही त्यांना मान्य नाही. ते खरे असो. तरी लोकांनी आपल्या राजाविषयी अशी कथा सांगावी, हीच साक्ष पुरेशी आहे. थोड्याच वर्षांत लोकांना परत जाण्याची मोकळीक द्यावी लागली, आणि १३४७ मध्ये ह्याच दौलताबादेत बहमनी राज्याचा पहिला सुलतान स्वतंत्रपणे सिंहासनावर बसला. बीडजवळ तुघलकाच्या एका दाताची कबर दाखवितात. वाटेत पडलेला दात त्याने समारंभाने पुरला, अशी आख्यायिका आहे. आंधळ्याच्या पायाची कबर कोठे दाखवीत नाहीत.

पवित्र शास्त्रात अशाच एका बुद्धिमान राजाची हकीकत आहे. दानीएलाच्या पुस्तकाचा चौथा अध्याय पालकांनी मुलांसह एकदा अवश्य वाचावा. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर ह्याला स्वप्न पडते. एक प्रचंड वृक्ष, त्याच्या छायेत पशू, फांद्यांवर पक्षी. आणि तो तोडून टाकण्याची आज्ञा स्वर्गातून होते. दानीएल त्याला अर्थ सांगतो की, महाराज, तो वृक्ष आपण आहात. आणि लगेच सल्ला देतो की, अन्याय सोडावा व गरिबांवर दया करावी. येथे थोडे थांबून पाहा. ज्याच्यावर दंड येऊ घातला आहे त्याला प्रथम काय सांगितले जाते? यज्ञ करा, मंदिर बांधा असे नव्हे. तर गरिबांकडे पाहा. ह्यानंतर पुरते बारा महिने जातात. एके दिवशी राजा आपल्या वाड्याच्या गच्चीवर फिरत असता, हे नगर मी माझ्या सामर्थ्याने व माझ्या वैभवासाठी उभारले, अशा अर्थाचे उद्गार काढतो, आणि शब्द तोंडात आहेत तोच दंड येतो. त्याची बुद्धी जाते. तो बैलासारखा गवत खातो, दहिवराने त्याचे अंग भिजते. ज्याने माणसांना गुरे लेखिले तोच गुरांत जातो. पण स्वप्नातील आज्ञेत आणखी एक वाक्य होते, आणि पुष्कळ वाचक ते ओलांडून जातात: झाड तोडा, परंतु त्याचा बुंधा मुळांसह जमिनीत राहू द्या. दंडाला मुदत होती. ती भरल्यावर राजा आकाशाकडे डोळे उचलतो, आणि त्याची बुद्धी त्याला परत मिळते.

ख्रिस्ती धर्मातील न्यायाची कल्पना ह्या बुंध्यात आहे. देवाचा न्याय म्हणजे रागावलेल्या सावकाराची जप्ती नव्हे. जे खोटे आहे ते खोटे ठरविणे, आणि माणूस जेथे खरोखर उभा आहे ती भूमी त्याला दाखविणे, हे त्या न्यायाचे काम. ते दुःखदायक असते ह्यात शंका नाही. परंतु मुळे उपटणे हा त्याचा हेतू नसतो.

येथवर आले म्हणजे वर्गातला एखादा चौकस मुलगा विचारतोच: “गुरुजी, मग यादवांचे राज्य गेले ते देवाने त्यांना शिक्षा केली म्हणून का? आणि औरंगजेबाला शिक्षा झाली की नाही?” प्रश्न साधा नाही. घराघरांतून आणि चावडीवर मोठी माणसे असलीच उत्तरे देत असतात. ज्याला जो राजा आवडत नाही त्याच्या पडझडीत त्याला देवाचा हात दिसतो. आणि आवडत्या राजाची पडझड झाली तर तो दैवाचा फेरा असतो.

प्रभू येशूलाही असाच प्रश्न पडलेली माणसे भेटली होती. लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात ती हकीकत आहे. शिलोह येथे एक बुरूज कोसळून अठरा माणसे ठार झाली होती. ती माणसे इतरांहून अधिक पापी होती काय? येशूने स्पष्ट नकार दिला. त्या अठरांचा हिशेब मांडीत बसण्याऐवजी प्रत्येकाने स्वतः पश्चात्ताप करावा, असे त्याने सांगितले. चांद मिनाराच्या सावलीत राहणाऱ्या आपण सर्वांनी हे उत्तर नीट ऐकावे. मिनार पडला तर खाली सापडणारे वाईट, आणि उभा आहे तोवर आपण चांगले, असा हिशेब ख्रिस्ती धर्मात बसत नाही. दुसऱ्याच्या पडझडीचा न्यायनिवाडा करावयास आपण बसलो की आपणच बाबेलच्या गच्चीवर चढलेलो असतो.

औरंगजेबाविषयी इतकेच सांगतो. १६८७ मध्ये त्याने गोवळकोंडा घेतला, आणि तेथील शेवटचा सुलतान अबुल हसन ह्याला आणून ह्याच किल्ल्यातील चिनी महालात कोंडले. तो बंदिवान बारा-तेरा वर्षे येथे राहून मेला. १७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगरास निवर्तला. आज जिंकणारा व जिंकलेला, दोघेही येथून जवळच खुलताबादेस आहेत. बादशहाची मूळ कबर उघड्या आकाशाखाली, साधी. मरणापूर्वी त्याने पुत्रांस लिहिलेली म्हणून जी पत्रे प्रसिद्ध आहेत त्यांत दोन भावना एकत्र आढळतात: आपल्याला कोणता दंड होईल ह्याची भीती, आणि ईश्वराच्या दयेची आशा. त्या पत्रांना पुढे उत्तर काय मिळाले ते कोणत्याही बखरीत लिहिलेले नाही, आणि लिहिण्याचा अधिकार कोणत्याही बखरकारास नाही.

शिलोहाच्या बुरुजाविषयी बोलून होताच येशूने एक दृष्टांत दिला, आणि तो अंजिराच्या झाडाचा आहे. दौलताबादचे अंजीर पूर्वापार नावाजलेले, म्हणून हा दृष्टांत समजावयास आपल्याकडच्या शेतकऱ्याला टीकाग्रंथ लागत नाही. मालक तीन वर्षे फळ शोधीत येतो, मिळत नाही. तो म्हणतो, तोडून टाका, जागा कशाला अडवावी? माळी विनंती करतो: आणखी एक वर्ष द्या, मी ह्याच्याभोवती खणतो, खत घालतो. ह्या माळ्याने, राहू द्या, चालायचेच, असे म्हटलेले नाही. मालकाचे म्हणणे चूक आहे असेही तो म्हणत नाही. तो कुदळ हाती घेतो. आमच्याकडे बहार धरताना बागायतदार प्रथम झाडाचे पाणी तोडतो. ह्यालाच ताण देणे म्हणतात. बुडाभोवती हलके खणतो, पाने पिवळी पडून गळू लागतात. अजाण मनुष्याला वाटेल की ह्याने झाड मारावयास घेतले. पुढे छाटणी, शेणखत, आणि मग पाणी. तेव्हा कोठे बहार येतो. ताण देणारा व पाणी देणारा हात एकच असतो. न्याय व दया ही दोन निरनिराळ्या देवांची कामे नव्हेत, हे ह्याहून सोप्या रीतीने मला सांगता येत नाही. आणि दया म्हणजे लाड नव्हे, हेही पालकांच्या ध्यानात येईल. ज्या मुलाची प्रत्येक चूक घरात झाकली जाते त्याच्या बुडाशी कोणी खणलेच नाही असे समजावे.

येशूने गर्वाविषयी जे सर्वांत तिखट बोलून ठेविले आहे ते राजांना उद्देशून नाही, धार्मिकांना उद्देशून आहे. मंदिरात दोघे प्रार्थनेस जातात. एक परूशी, दुसरा जकातदार. परूशी देवाचे आभार मानतो की आपण त्या दुसऱ्यासारखे नाही. तो जे सांगतो ते सारे खरे आहे: तो उपास करतो, दशांश देतो. जकातदार दूर उभा राहून केवळ दयेची याचना करतो, आणि नीतिमान ठरून घरी जातो तो तोच. आम्ही ख्रिस्ती माणसांनी हा दृष्टांत वाचून, बरे झाले आपण परूशी नाही, असे म्हटले म्हणजे आम्ही परूशी झालोच! आपल्या शाळेत निरनिराळ्या धर्मांची व जातींची मुले एका बाकावर बसतात. त्यांतील कोणीही, ख्रिस्ती मुलानेसुद्धा, आपल्या जन्माचे वा प्रार्थनेचे प्रमाणपत्र दुसऱ्याच्या तोंडासमोर धरू नये.

एक आक्षेप राहतो, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. देव गर्विष्ठांवरही दया करतो. मग ज्यांना त्यांनी चिरडले त्यांचे काय? यादवांचा शेवटचा वीर हरपाळदेव ह्याला मुबारकशहा खिलजीने अत्यंत क्रूरपणे मारिले. त्याला कोणी न्याय द्यावा? दिल्लीच्या वाटेवर मेलेल्यांना कोणी द्यावा? दयेने अन्याय लहान होत असेल तर ती दया नको, असे कोणीही म्हणेल. ख्रिस्ती धर्माचे उत्तर असे की, तो लहान होत नाही. यरीहोचा जक्कय जकातदार येशूला घरी घेऊन गेला. दया त्याच्या घरात आधी शिरली, आणि मग तो आपणहून उभा राहून म्हणाला की, अर्धे धन गरिबांना देतो, आणि ज्याचे फसवून घेतले त्याला चौपट परत करतो. ज्या दयेने चौपट परत करण्याची बुद्धी होत नाही ती त्याला पोहोचलीच नाही. आणि जे परत करता येत नाही, गेलेला प्राण, तुटलेला पाय, त्याचा भार वधस्तंभावर स्वतः न्यायाधीशाने उचलला, अशी आमची श्रद्धा आहे. ज्याला उच्च पद होते त्याने ते धरून न ठेविता खाली उतरावे, गुन्हेगारांत गणले जावे, हे नबुखद्नेस्सराच्या बरोबर उलट आहे. हे गणिताप्रमाणे सिद्ध करून दाखविता येत नाही. पण कोणाच्या आयुष्यात ते कसे उतरले हे दाखविता येते, आणि त्यासाठी महाराष्ट्राला परदेशाकडे पाहावे लागत नाही.

पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. त्यांनी पत्नीला व मुलीला संस्कृत शिकविले, तेही अशा काळात की त्यासाठी त्यांना पुष्कळ विरोध सोसावा लागला. हे कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरत असे. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. जवळचे सारे संपले. मजुरी करण्याची सवय नाही, आणि भीक मागणे अभिमानाला सोसवेना, असे रमाबाईंनी स्वतः पुढे लिहून ठेविले आहे. आई, वडील व बहीण त्या काळात निवर्तली. देवगिरीच्या मिठाच्या पोत्यांची आठवण मला ह्या ठिकाणी होते. पण येथे पोती उघडून जगाला दाखविण्याचे धैर्य एका मुलीने केले.

१८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ ह्या पदव्या दिल्या. विद्येचा गर्व व्हावा अशीच ती वेळ. पुढे १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. लंडनमधील फुलम येथे त्यांनी भगिनींचा एक आश्रम पाहिला. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तेथे प्रेमाने वागवीत होते. अशा स्त्रियांवर कोणी दया करावी, हे त्यांना अपूर्व वाटले. कारण विचारता एका भगिनीने त्यांना येशू व शोमरोनी स्त्री ह्यांची हकीकत वाचून दाखविली. वादविवादाने जे झाले नसते ते ह्याने झाले. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तथापि धर्म मिळाला तरी ख्रिस्त मला पुष्कळ नंतर मिळाला, अशा अर्थाची कबुलीही त्यांनी दिली आहे. इतक्या मोठ्या विदुषीने असे लिहावे ह्याचे मला नेहमी नवल वाटते.

१८८९ मध्ये त्यांनी मुंबईस शारदासदन काढले. १८९६ मध्ये मध्यप्रांतात दुष्काळ पडला तेव्हा, ज्यांना आपण स्वतः भुकेने मरताना पाहिले होते त्यांची आठवण ठेवून, त्या तिकडे गेल्या व अनाथ मुली आणि विधवा ह्यांना शेकड्यांनी घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगावास मुक्तिसदन उभे राहिले. तेथे मुली शेत नांगरीत, विणीत, दळीत, छापखाना चालवीत; ज्या हातांच्या कामास एके काळी त्यांच्या घराण्यात स्थान नव्हते, तेच काम आता प्रार्थनेइतके मानाचे झाले. फुलमला जे पाहिले होते त्यासाठीही त्यांनी तेथे एक स्वतंत्र घर बांधिले, आणि त्याचे नाव ‘कृपासदन’ ठेविले.

शेवटची पुष्कळ वर्षे त्यांनी पवित्र शास्त्राचे मूळ इब्री व ग्रीक भाषांतून सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालविली. पंडितांना आवडेल अशी संस्कृतप्रचुर भाषा त्यांना सहज लिहिता आली असती. त्यांनी ती बुद्ध्या टाकिली, कारण वाचणाऱ्या बाया नुकत्याच अक्षरओळख झालेल्या होत्या. १९२२ मध्ये मरण येण्यापूर्वी ते काम त्यांनी पुरे केले. त्याची छपाई केडगावच्याच छापखान्यात झाली, आणि खिळे जुळविले ते त्यांनी आश्रय दिलेल्या मुलींनी व स्त्रियांनी.